नेट तुटपुंजे, वीज बेभरवशाची: आठ संगणकांवरील पॅकेजेस कमांडने कशी सांभाळावीत?

गावकूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही काही जण मिळून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका चालवतो. तेथे देणगीतून मिळालेले आठ जुने संगणक आहेत. त्यांपैकी सातांवर मी डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवली असून आठव्याचे काय करावे हे अजून ठरलेले नाही. गावात फायबरची लाइन आलेली नाही, त्यामुळे माझ्या मोबाइलवरील दिवसाचा दीड जीबी डेटा हेच आमचे इंटरनेट आहे. उन्हाळ्यात वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल याचा नेम नसतो.

या धाग्यात मी कमांड देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलमध्ये (कमांड टंकण्याच्या खिडकीत) त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

सुरुवातीचे काही महिने मी प्रत्येक संगणकासमोर बसायचो, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायचो आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे हव्या त्या पॅकेजेसची, म्हणजे बांधून ठेवलेल्या सॉफ्टवेअरची, नावे द्यायचो (‘सुडो’ म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकाराने, ‘ॲप्ट’ म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारी कमांड). लिब्रेऑफिस, त्याचा मराठी चेहरा देणारे ‘लिब्रेऑफिस-एल१०एन-एमआर’, देवनागरीसाठी ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ आणि इन्स्क्रिप्ट टंकलेखनासाठी ‘आयबस-एम१७एन’ एवढा सगळा ऐवज सोबतच्या पॅकेजेससह आमच्या यंत्रांवर तीनशे एमबीच्या आसपास जात होता. एका यंत्राला तीनशे म्हणजे सात यंत्रांना एकवीसशे एमबी, म्हणजेच माझा दीड दिवसाचा डेटा, आणि तोही एकाच वस्तूसाठी सात वेळा मोजलेला!

तेव्हा मनात आले की पहिल्या यंत्रावर उतरलेल्या ‘डेब’ फाइली, म्हणजे पॅकेजच्या फाइली, पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्या यंत्रांना द्याव्यात. त्या ‘/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज’ या फोल्डरात साठतात असे वाचले होते. फोल्डर उघडला, तर तो रिकामा होता. बराच शोध घेतल्यावर उलगडा झाला: ‘ॲप्ट’ ही नवी कमांड पॅकेज बसवून झाले की डाउनलोड केलेली फाइल पुसून टाकते, पण जुनी ‘ॲप्ट-गेट’ ती ठेवून देते. दोघींचे काम वरवर सारखे दिसत असले, तरी आमच्यासारख्यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. त्यानंतर मी ‘ॲप्ट-गेट’ वापरू लागलो, फाइली मिळाल्या आणि त्या दुसऱ्या यंत्राच्या त्याच फोल्डरात नेऊन टाकल्या. तरीही ते यंत्र पुन्हा इंटरनेटकडेच धावू लागले.

माझे तीन प्रश्न आहेत. एक, हातात फाइली असूनही दुसरे यंत्र डाउनलोड का मागते? दोन, बसवणे चालू असताना वीज गेली तर काय करावे? तीन, आमचे एक यंत्र ‘ॲप्ट-गेट अपडेट’ दिले की दरवेळी ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असे म्हणून थांबते, त्याचे कारण काय असावे?

काळीमाती

गावकूस भाऊ, मी दारव्हा तालुक्यातला असून सध्या यवतमाळला एका कार्यालयातील संगणकांची देखभाल करतो. आपल्या पहिल्या प्रश्नात पुष्कळ काही दडलेले आहे, म्हणून त्याचेच उत्तर थोडे सविस्तर देतो.

‘अपडेट’ ही कमांड कोणतेही पॅकेज उतरवत नाही आणि बसवतही नाही. भांडारात, म्हणजे डेबियनच्या इंटरनेटवरील साठ्यात, आज कोणती पॅकेजेस आहेत, त्यांच्या आवृत्त्या कोणत्या, त्यांना सोबत काय काय लागते आणि प्रत्येक फाइलचा ठसा (तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काय आहे, याची यादी ती घेऊन येते. ही यादी ‘/व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स’ येथे राहते आणि ‘इन्स्टॉल’ तिच्याच आधाराने चालते. आपल्या दुसऱ्या यंत्रावरची यादी महिन्यापूर्वीची असेल, तर ते महिन्यापूर्वीची आवृत्ती मागणार. आपण दिलेली फाइल नव्या आवृत्तीची असल्यामुळे ती त्याच्या हिशेबी नाहीच. शिवाय जुनी आवृत्ती भांडारातून निघून गेलेली असली, तर डाउनलोडही ‘४०४’ (फाइल सापडली नाही) दाखवून फसते.

उपाय असा की पहिल्या यंत्रावर यादी ताजी करावी, फाइली उतरवाव्यात आणि मग ‘आर्काइव्ह्ज’सोबत ‘लिस्ट्स’ हा फोल्डरही दुसऱ्या यंत्रावर न्यावा. त्यासाठी दोन्ही यंत्रांवर डेबियनची आवृत्ती, प्रोसेसरचा प्रकार आणि भांडाराचे पत्ते सारखे असले पाहिजेत. त्यानंतर दुसऱ्या यंत्रावर ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल --नो-डाउनलोड’ आणि पुढे पॅकेजचे नाव द्यावे. ‘--नो-डाउनलोड’ लिहिल्यावर ते जवळ आहे तेवढ्यावरच काम करते आणि एखादी फाइल कमी पडली तर तसे सांगून थांबते. डेटा नकळत खर्च होण्याचा प्रश्न राहत नाही.

माझे मत विचाराल तर आपल्या भागात उतरवणे आणि बसवणे ही दोन कामे कायमची वेगळी करावीत. शहरातला माणूस एका कमांडमध्ये दोन्ही उरकतो, कारण त्याचे नेट आणि वीज दोन्ही एकाच वेळी हजर असतात. आपल्याकडे रात्री अकरानंतर टॉवरवरचा भार कमी होतो आणि नेट बरे चालते, तेव्हा ‘सुडो ॲप्ट-गेट -डी इन्स्टॉल’ द्यावे. ‘-डी’ म्हणजे फक्त उतरवणे. मध्येच नेट तुटले तर पुन्हा तीच कमांड द्यावी. अर्धवट फाइल ‘पार्शल’ नावाच्या फोल्डरात असते आणि बहुतेक वेळा डाउनलोड तेथूनच पुढे सुरू होते. सकाळी वीज स्थिर असताना बसवण्याचे काम करावे. आठवडी बाजारातून किराणा एकदाच भरून आणतो आणि स्वयंपाक घरी सवडीने होतो, तसाच हा व्यवहार आहे.

रानवाट

दुसऱ्या प्रश्नावर मी अनुभवाने सांगू शकते. गडचिरोली जिल्ह्यात गावपातळीवरील सेवा केंद्र मी चालवते आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसदिवस येत नाही.

मागच्या वर्षी अपग्रेड (बसवलेल्या पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या बसवणे) चालू असताना पडद्यावर ‘अनपॅकिंग’ आणि ‘सेटिंग अप’ अशा ओळी सरकत होत्या आणि तेवढ्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी आधीच थकलेली होती. वीज आल्यावर संगणक सुरू झाला, पण कोणतीही पॅकेज कमांड दिली की ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ (बसवण्याचे काम मध्येच तुटले) एवढे म्हणून ती थांबायची. त्याच ओळीत पुढे उपायही लिहिलेला होता. मी मात्र घाबरून तो वाचला नाही आणि मोबाइलवर व्हिडिओ शोधत बसले. व्हिडिओत सांगितले होते की ‘लॉक’ नावाच्या फाइली पुसून टाका. मी त्या पुसल्या, नंतर पुन्हा अपग्रेड सुरू केले आणि गोंधळ आणखी वाढला.

खरा उपाय दोन ओळींचा होता. आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ द्यावे, म्हणजे उलगडून ठेवलेली पण मांडणी न झालेली सगळी पॅकेजेस मार्गी लागतात. नंतर ‘सुडो ॲप्ट-गेट -एफ इन्स्टॉल’ द्यावे, म्हणजे ज्यांची सोबतची पॅकेजेस अपुरी राहिली आहेत त्यांची जुळवणी होते. माझे यंत्र या दोन कमांडनी सावरले.

लॉक फाइलविषयी एक कळकळीची विनंती आहे. ‘कुड नॉट गेट लॉक’ असा संदेश आला तर याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की दुसरे एखादे पॅकेजचे काम त्याच क्षणी चालू आहे. पुष्कळदा ते संगणकाने स्वतःहून सुरू केलेले सुरक्षा अपडेट असते. ‘पीएस’ कमांडने काय चालू आहे ते पाहावे आणि ते संपेपर्यंत थांबावे. लॉक पुसले की दोन कामे एकाच नोंदवहीत एकाच वेळी लिहू लागतात आणि ती नोंदवही बिघडली तर यंत्रावर काय काय बसवलेले आहे हेच संगणकाला कळेनासे होते.

संत्राबाग

मी वरुडचा विद्यार्थी आहे आणि मला एक साधी शंका आहे. एखाद्या संकेतस्थळावरून ‘डेब’ फाइल घेतली आणि ‘डीपीकेजी -आय’ने बसवली तर यादी, भांडार वगैरे काहीच लागत नाही. विंडोजवर आपण तसेच तर करतो. मग एवढा खटाटोप कशासाठी करावा?

काळीमाती

शंका रास्त आहे. ‘डीपीकेजी’ हातातली एक फाइल उलगडून जागच्या जागी बसवते. त्या फाइलला आणखी पाच पॅकेजेस हवी असतील तर ती तसे सांगते, पण आणून देत नाही. पूर्वी लोक खरोखर असेच एकेक पॅकेज शोधत बसायचे. डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये झाली आणि १९९९ च्या २.१ या आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ आले, तेव्हा ही शोधाशोध संगणकाच्या अंगावर गेली. बाहेरून आणलेली फाइल बसवणे भागच असेल, तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./’ आणि त्याला लागूनच फाइलचे नाव असे द्यावे. टिंब आणि तिरपी रेघ विसरू नये, कारण त्यावरूनच त्याला कळते की हे भांडारातील नाव नसून समोरची फाइल आहे. असे केल्यास सोबतची पॅकेजेसही तेच जुळवते.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा विश्वासाचा आहे. भांडाराच्या यादीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. फाइल वाटेत एका अक्षराने जरी बदलली तरी ठसा जुळत नाही आणि ॲप्ट ती नाकारते.  कुठल्याशा संकेतस्थळावरून घेतलेल्या एकट्या फाइलला हे संरक्षण मिळत नाही, आणि पॅकेज बसवताना आपण तिला यंत्राचे सर्वाधिकार देत असतो.

विंडोजवरही आता ‘विनगेट’ हे अशाच कामाचे साधन आहे. त्याची १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली.

गावकूस

काळीमाती भाऊ, रानवाट ताई, आपले मनापासून आभार. संत्राबाग यांच्या शंकेवरून माझी एक चूक येथे लिहून ठेवतो.

मुलांना टंकलेखनाच्या सरावासाठी एक बाहेरचे पॅकेज हवे होते. ते बसवताना पडद्यावर लांबलचक यादी आली. वर नव्याने बसणारी नावे होती आणि त्याखाली ‘द फॉलोइंग पॅकेजेस विल बी रिमूव्हड’ असे लिहून चाळीसेक नावे होती. मी ती यादी न वाचता ‘वाय’ दाबले. दोन मिनिटांनी संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा चित्र नाही, मेनू नाही, काळ्या पडद्यावर फक्त लॉगिनची ओळ उरली होती. संपूर्ण डेस्कटॉप निघून गेला होता. शेजारी बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशीच्या सराव परीक्षेसाठी आली होती आणि तिला तसेच घरी परत जावे लागले, याची खंत मला आजही आहे.

काळीमाती

भाऊ, ही चूक नावाजलेल्या लोकांकडूनही झालेली आहे. लिनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध यूट्यूबरने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘पॉप ओएस’ या लिनक्स प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे सॉफ्टवेअर बसवताना असाच संपूर्ण डेस्कटॉप काढून टाकला होता. त्या वेळी ॲप्टने नुसत्या ‘वाय’वर समाधान न मानता ‘होय, मी सांगतो तसे करा’ अशा अर्थाचे संपूर्ण वाक्य टंकायला लावले होते आणि त्यांनी ते टंकले. मूळ दोष त्या वेळच्या पॅकेजच्या मांडणीत होता, पण यादी वाचली असती तर यंत्र वाचले असते.

माझी पद्धत सांगतो. शंका असेल तेथे आधी ‘-एस’ लावून कमांड द्यावी. त्यात काहीही बसत किंवा निघत नाही, फक्त काय होईल तेवढे दिसते. ‘रिमूव्ह’ची यादी रिकामी नसेल तर प्रत्येक नाव वाचावे. आणि झालेच काही विपरीत, तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ उघडावे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कमांडने कोणती पॅकेजेस बसली आणि कोणती निघाली हे सगळे तेथे ओळीने लिहिलेले असते. आपली चाळीस नावेही तेथे सापडतील आणि तीच परत बसवता येतील.

सातपुडा

मी धारणीच्या पुढच्या एका गावात शिक्षक आहे. आमच्या शाळेत मोबाइलची रेंजच येत नाही. टेकडीवर चढल्यास कधीतरी एखादी काडी दिसते. म्हणून आमची गरज आणखी वेगळी आहे, आणि ती ‘ॲप्ट-ऑफलाइन’ या साधनाने चांगली भागते.

शाळेतल्या यंत्रावर ‘सुडो ॲप्ट-ऑफलाइन सेट’ दिले की ते आपल्याला काय काय हवे आहे याची एक छोटी फाइल तयार करते. ही फाइल मी पेनड्राइव्हवर घेऊन शनिवारी परतवाड्याला जातो. तेथे ओळखीच्या एका दुकानातील संगणकावर ‘ॲप्ट-ऑफलाइन गेट’ देतो आणि ते सांगितलेल्या सगळ्या वस्तू एका झिपमध्ये बांधून देते. तो संगणक विंडोजचा असला तरी पायथनवर हे काम होते. सोमवारी शाळेत परत येऊन ‘सुडो ॲप्ट-ऑफलाइन इन्स्टॉल’ आणि झिपचे नाव दिले की यादी आणि फाइली आपापल्या जागी जाऊन बसतात. अट एकच आहे की नवे पॅकेज हवे असेल तर दोन फेऱ्या लागू शकतात: पहिल्या फेरीत ताजी यादी आणि दुसरीत पॅकेजेस. आपल्या यंत्रावर यादी बरी ताजी असेल तर एकाच फेरीत भागते. पहिल्यांदा मी हे न समजता गेलो आणि एसटीचे येण्याजाण्याचे भाडे आणि एक अख्खा शनिवार वाया गेला. मुलांना मी चित्र रंगवायला लावीन असे वचन दिले होते, म्हणून ते अधिकच जिवाला लागले.

आता गावकूस भाऊंचा तिसरा प्रश्न. ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणजे यादीवरील तारीख त्या यंत्राच्या दृष्टीने भविष्यातली आहे. ‘डेट’ ही कमांड देऊन पाहा, बहुधा यंत्र काही वर्षे मागे असेल. मदरबोर्डवर नाण्यासारखा जो सीआर२०३२ सेल असतो तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जाते. आपल्याकडे यंत्रे दिवसदिवस बंद राहतात, म्हणून हा दोष लवकर लक्षात येतो. तात्पुरता उपाय म्हणून ‘सुडो डेट -एस’ लिहून अवतरणचिन्हांत आजची तारीख आणि वेळ द्यावी. कायमचा उपाय म्हणजे घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बदलणे.

संत्राबाग

सातपुडा सर, हे फार उपयोगी आहे. आणखी एक विचारतो. डेटा इतका कमी असताना अपडेट करूच नये, सगळी पॅकेजेस ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ने आहेत तशी गोठवून ठेवावीत, असे एका मित्राचे म्हणणे आहे. जुने ते सुरक्षित, असे तो म्हणतो.

काळीमाती

‘होल्ड’ एखाद्या पॅकेजपुरते ठीक आहे. नव्या आवृत्तीने आपला जुना प्रिंटर चालेनासा झाला, तर तेवढे पॅकेज थोपवून धरावे आणि कागदावर तशी नोंद ठेवावी, कारण सहा महिन्यांनी ते आठवत नाही. सगळेच गोठवणे म्हणजे गोदामाला कुलूप लावून भिंतीतले भगदाड तसेच ठेवणे होय. मुलांचे अर्ज, आधार क्रमांक, बँकेची कामे याच यंत्रांवर होतात.

मात्र मित्राच्या म्हणण्यात एक तथ्य आहे, की नवे तेवढे चांगले असेही नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले की दुसऱ्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत आहे, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते मुळापर्यंत पोहोचले. डेबियनच्या चाचणीच्या शाखांमध्ये ती पॅकेजेस शिरली होती, पण ‘स्टेबल’ या स्थिर शाखेत पोहोचली नव्हती. म्हणून माझा आग्रह आहे की स्थिर शाखा वापरावी आणि तिच्यात येणारे सुरक्षा अपडेट मात्र चुकवू नयेत. स्थिर शाखेत पॅकेजची आवृत्ती सहसा तीच राहते, फक्त दुरुस्ती येते, त्यामुळे बहुतेक अपडेट बेताचे असतात. ब्राउझर तेवढा अपवाद आहे.

सात यंत्रांसाठी हे परवडावे म्हणून ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हे उतरलेल्या पॅकेजेसचा साठा ठेवणारे साधन बसवा. आठ पोर्टचा एक साधा स्विच घ्या आणि सगळी यंत्रे तारेने जोडा. एका यंत्रावर हे पॅकेज ठेवा आणि मोबाइल यूएसबीने फक्त त्याच यंत्राला लावा. ते साधन ३१४२ या क्रमांकाच्या पोर्टवर बाकीच्या यंत्रांच्या मागणीची वाट पाहत असते. बाकीच्या यंत्रांत ‘/ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी’ या फोल्डरात एक ओळीची फाइल ठेवून त्या यंत्राचा पत्ता प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून द्यावा. पहिल्या यंत्राने एखादे पॅकेज मागितले की ते इंटरनेटवरून येते आणि साठवले जाते. उरलेल्यांना तेच घरातून मिळते. भांडाराचा पत्ता एचटीटीपीएस असेल तर हा साठा आपोआप उपयोगी पडत नाही, म्हणून डेबियनचा नेहमीचा एचटीटीपी पत्ताच ठेवा. सही आणि ठसा तपासला जात असल्याने त्यात धोका नाही. साठ्याचे यंत्र बंद असेल तर बाकीची यंत्रे अपडेट करू शकणार नाहीत, एवढे ध्यानात असू द्या.

गावकूस

मंडळी, रविवारी दिवसभर बसून हे सगळे केले, त्याचा वृत्तांत देतो.

त्या हट्टी यंत्रावर ‘डेट’ दिले, तर ते खरोखरच काही वर्षे मागे होते. आर्वीच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणून बदलला आणि तारीख लावली. ‘अपडेट’ पहिल्या फटक्यात पूर्ण झाले.

स्विच एका मित्राच्या घरी पडून होता. साठ्याचे यंत्र खिडकीजवळ ठेवले, कारण मोबाइलला रेंज तेथेच मिळते. पहिल्या यंत्राचे अपग्रेड उतरायला पाऊण तास लागला. दुसऱ्या यंत्रावर तीच कमांड दिली, तर पडद्यावरच्या ओळी इतक्या भराभर सरकल्या की काही बिघडले की काय असे क्षणभर वाटले. मोबाइलमध्ये डेटाचा आकडा पाहिला. तो जवळपास हललाच नव्हता. सातही यंत्रे संध्याकाळपर्यंत झाली आणि एकूण खर्च सातशे एमबीच्या आत राहिला. दुपारी एकदा वीज गेली, पण तेव्हा केवळ उतरवणे चालू होते, म्हणून नुकसान झाले नाही.

सगळे झाल्यावर ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ देऊन आपण स्वतः मागून बसवलेल्या पॅकेजेसची यादी एका फाइलमध्ये घेतली आणि छापून भिंतीवर लावली. उद्या एखादे यंत्र नव्याने उभे करावे लागले तर तीच यादी पुरेल.

आता आठवा संगणक उरला. प्रोसेसरची माहिती देणाऱ्या ‘एलएससीपीयू’ या कमांडमध्ये ‘६४-बिट’ दिसायला हवे असे वाचले, पण त्यात ‘३२-बिट’ एवढेच दिसते. त्यावर डेबियन १३ बसेल का?

काळीमाती

बसणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) दोन्ही दिलेले नाहीत. त्या यंत्रावर डेबियन १२ ची ‘आय३८६’ (३२-बिट) प्रत बसवावी. साठ्याचे यंत्र तिलाही पॅकेजेस पुरवेल. मात्र प्रोसेसरचा प्रकार वेगळा असल्याने तिच्या बहुतेक फाइली वेगळ्या उतरतील, तेव्हा त्या दिवशी दीड जीबी पूर्ण शिल्लक असू द्या.

गावकूस

ठीक आहे. येत्या शनिवारी रात्री अकरा वाजता ‘-डी’ लावून उतरवायला लावतो आणि रविवारी सकाळी बसवतो.